राणी आरवते

ठेवा, ठेवा, पिशवी तिथेच ठेवा, भिंतीकडेला — आणि तोंड जरा सैल करा, म्हणजे आतल्याला वारा लागेल. नाही, नाही, कारण सांगू नका. अहो ताई, खरंच नको. इथून गेलेलं पाखरू परत आलं तर मी कारण विचारत नाही. नियम आहे तो. वर भिंतीवर कापडी पाटी दिसतेय ना, दोऱ्याने भरलेली, तिच्यावर तेच लिहिलंय — ‘इथलं पाखरू केव्हाही परत घेतलं जाईल, कारण सांगू नये.’ लोकांना वाटतं सुविचार आहे. वाचतात, मान डोलावतात आणि लगेच कारण सांगायला लागतात. — बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिथे मुकादम बसतो. हो, कोंबडाच. उठवला तर उठेल, पण मग दिवसभर सगळ्यांकडे पाठ करून बसतो, कशाला उगाच. तुम्ही स्टुलावर बसा. मशीनवरचे दोघं काही करत नाहीत. कपाटावरचे तिघंही गरीब आहेत. एकूण अकरा आहेत, आजच इकडे आणलेत, त्यांची खोली धुतलीय. — तुमचा धरून बारा. बरोबर मोजलंत.

बघू, ये रे बाबा. — काय नाव ठेवलंत? राणी. बरं. आणि राणी आरवायला लागली. नाही ताई, तुमची काही चूक नाही, चूक माझी. मीच म्हटलं होतं ना तुम्हाला, ‘डोळे झाकून न्या, ही तलंग आहे, दोन महिन्यांत अंडी द्यायला लागेल’ — मीच. ही शोभेची जात मोठी फसवी. अंगभर कापूस, पायाच्या बोटांपर्यंत पिसं, डोक्यावर झुबका, आणि तुरा म्हणाल तर वाटाण्याएवढा. सहा-सात महिने कोंबडा की कोंबडी, पत्ता लागत नाही. भले भले हात टेकतात. मग झुबक्यावरून अंदाज करायचा — गोल झुबका म्हणजे कोंबडी, पिसं मागे वळलेली असतील तर कोंबडा. आता याचं काय झालं, याच्या डोळ्यांवर पिसं यायची. दिसायचं नाही बिचाऱ्याला, पाण्याचं भांडं समजून भिंतीला चोच मारायचा. म्हणून मी कात्री घेतली आणि झुबका कापला. चाळीस वर्षं शिवणकाम करतेय, हाताला वळण पडलंय, कापला तो अगदी गोल कापला, कुठे कमी नाही की जास्त नाही. पुढे महिन्याने तुम्ही आलात, तेव्हा मी बघते तर काय — झुबका गोल! म्हटलं, कोंबडी. स्वतःच कापलेलं स्वतःच बघितलं आणि स्वतःच फसले. — हसा, हसा. तो नाही रागावत.

पहाटे किती वाजता सुरू व्हायचा — नाही, राहू दे. जीभ घसरली. मी विचारलंच नाही असं समजा. — बघा, सांगितलंतच. तिसरा मजला, वरचे आजारी, खालच्यांचं तान्हं बाळ. अहो, मला यातलं काही कळायची गरज नव्हती. पाखरू आलं, मी घेतलं, विषय संपला. तुम्ही उगाच अपराधी तोंड करून बसलाय. एका आजोबांनी तर परत आणताना डॉक्टरांची चिठ्ठी आणली होती — पिसांनी शिंका येतात म्हणून. मी चिठ्ठीची घडीसुद्धा उघडली नाही. हो, मला कळलं काय होतं ते, कारण त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढे कोंबडे जमतात तर अंडी उबवताच कशाला? — नाही म्हणालात? मनात आलं असेल. त्याचं असं आहे, पाखरं पैदा करायला अक्कल लागत नाही. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली बारा अंडी सारा, एकवीस दिवस गप्प बसा, झालं. अक्कल लागते ती बाविसाव्या दिवसापासून. बारांतली नऊ फुटतात, नवांत चार-पाच नर निघतात. कोंबडीला घर मिळतं हो, अंडी देणारीला कोण नको म्हणेल? पाखरांत मुलगे नको असतात कुणाला. पहिल्या वर्षी मी चोवीस पिल्लं काढली, कौतुकाने, चांदीसारखी दिसत होती सगळी. गल्लीत वाटली, ओळखीत वाटली. सहा महिन्यांनी आरवायला लागली आणि एकेक करून परत. एक जण खोक्यात घालून फाटकाशी ठेवून गेला, खोक्यावर लिहिलेलं — ‘नाजूक वस्तू, सावकाश उचला.’ तेव्हापासून कानाला खडा. आधी वही काढायची. त्या कपाटात आहे बघा, निळी, मुकादमाच्या मागे. अंडी बसवायच्या आधी वहीत निम्म्या अंड्यांएवढी घरं लिहून पाहिजेत — घर कुणाचं, अंगण किती, सावली आहे का, कुत्रं आहे का, शेजारी कसे, आणि ‘कोंबडा निघाला तरी ठेवाल का?’ या प्रश्नाला माणूस किती वेळ थांबून उत्तर देतो. लगेच हो म्हणणाऱ्याचं नाव मी पेन्सिलीने लिहिते. घरं भरली नाहीत तर कोंबडी खुडूक होऊन जीव टाकेना का, मी अंडी काढून घेते आणि तव्यावर फोडते. निर्दयपणा वाटेल. पण ज्याची सोय नाही त्याला जगात बोलवायचं नाही. या वर्षी एकही बसवली नाही. वहीत दोनच घरं होती, त्यातलं एक पेन्सिलीचं.

आणि बहीण-भावाची जोडी लावायची नाही, म्हणून पायात रंगीत कड्या, कुणाची आई कोण, बाप कोण, सगळं वहीत. ज्यांना जागा मिळत नाही ते माझ्याकडे राहतात. भांडत नाहीत का? अहो, नुसते नर एकत्र ठेवले ना, आणि कोंबडी नजरेला पडली नाही, तर साधूसारखे राहतात. मधे पडदा शिवलाय मी जाड अस्तराचा. पडद्यापलीकडे काय आहे त्यांना माहीत नाही. एकदा पडद्याचा टाका उसवला तर अर्ध्या तासात सगळ्यांचा साधूपणा संपला, मुकादमाची शेपटी तेव्हाची गेलीय. आणि दिलेलं पाखरू मी पंधरा दिवसांनी जाऊन बघून येते, हा आणखी एक नियम. तुमच्याकडे आले होते ना? — तेच ते. कापडाचा तुकडा दाखवायला आले म्हटलं होतं, पण बघायला याला आले होते. कापडाचं मला काय.

— हा नियम? कारण न विचारायचा? पहिल्यापासूनच की. म्हणजे — चार वर्षं झाली. — हो, पाखरं पाळायला लागून नऊ वर्षं झाली. तुमचा हिशेब पक्का आहे. पहिली पाच वर्षं विचारायचे. चांगलं खोदून खोदून विचारायचे. का आणलंत? जमत नाही म्हणजे काय जमत नाही? महिना काढलात तर आणखी एक का नाही काढत? मला वाटायचं, हीच जबाबदारी. घेताना शंभर प्रश्न, परत करताना दोनशे. मग एक दिवस बाजारातला कोंबडीवाला इथे आला. दारात उभा राहिला, आत आला नाही, मूठ उघडली तर मुठीत हिरवी कडी. सतरा नंबर. म्हणाला, ‘बाई, ही तुमची ना? दोन दिवसांपूर्वी आली होती गिऱ्हाइकाकडून. कापली, आणि कडी नंतर बघितली.’ सतरा नंबरची कोंबडी मी एका गृहस्थांना दिली होती, भला माणूस, वहीत शाईने लिहिलेला. तशीच गेले त्यांच्या घरी, तावातावाने गेले. म्हटलं, मला का नाही आणून दिलीत? तर म्हणाले, ‘आणली होती. गेल्या महिन्यात. तुम्ही इतकं विचारलंत की मी पिशवी उचलून परत गेलो. पुन्हा यायची लाज वाटली.’ — आणि मला ते आठवेना हो! माणूस दारात येऊन गेला, कोंबडी आणून परत घेऊन गेला आणि मला आठवेना. शाळेच्या गणवेशांचा हंगाम होता, चाळीस सदरे शिवायचे होते. मशीन चालू ठेवूनच बोलले असणार मी. त्या दिवसांत सगळ्यांशी मी तशीच बोलत होते.

घरी आले आणि ती पाटी भरायला घेतली. दोन दिवसांत झाली. — हो, दोन दिवसांत चांगलीच झालीय. कारण मला माहीत होतं, त्याच महिन्यात मी आणखी एकीला तसंच —

पाणी घेता का? घ्या. हा पेला स्वच्छ आहे, यात कुणी चोच घातलेली नाही. किती वाजले? साडेतीनच. चारची बस कधी वेळेवर येत नाही, पण आज नेमकी येईल. — नाही, तुम्ही बसा, घाई नाही. तुम्ही बसलात तर बरंच आहे. एक विचारू? तुमच्याबद्दल नाही, खोलीबद्दल. ती मधली खोली, दार उघडं आहे ती — वास येतो का अजून? खरं सांगा. मुरवत नको. — थोडा. थोडा म्हणजे जाऊन उभं राहिल्यावर की इथूनच? — इथूनच. सकाळपासून तीनदा फिनेल टाकून धुतलीय, खिडकी उघडी आहे, गादी उन्हात टाकलीय, चादर नवी शिवली. चार वर्षं कोंबडे राहिलेत तिथे, एका सकाळीत कसा जाणार वास. आधी मागच्या शेडमध्ये असायचे. मग म्हटलं, खोली रिकामीच आहे तर दोघांना ठेवू, मग चौघं झाले, मग पडदा शिवला. ज्याची खोली त्याला विचारायला हवं होतं खरं तर. विचारलं नाही. जे विचारायचं ते विचारलं नाही मी कधी.

मुलीची. एकच मुलगी. तुमच्याच वयाची, तुमच्यासारखीच पिशवी दोन्ही हातांनी धरते. तिच्यासाठीही मी सगळं आधी बघून ठेवलं होतं, कुणी म्हणायला नको आईने वाऱ्यावर सोडली. घर बघितलं, दोन मजली, पाणी दिवसभर, अंगण मोठं, माणसं धडधाकट, कुणाला व्यसन नाही. पाखराला बघते तेच सगळं बघितलं. शाईने लिहिलं मी ते घर. फक्त पंधरा दिवसांनी जाऊन बघायचं असतं ना — ते नाही केलं. म्हटलं, लुडबुड नको. पाखराकडे कापडाचा तुकडा घेऊन जाणारी मी, आणि पोरीकडे मला निमित्त सापडलं नाही.

दीड वर्षाने आली ती. गणवेशांचेच दिवस. मी इथेच, या मशीनवर. छोटीशी पिशवी होती, दोन जोड कपडे मावतील एवढी. तिथे ठेवली, तुमची आहे ना, तिथेच. म्हणाली, ‘आई, मी परत आलेय.’ आणि मी सुरू झाले. मारतो का? — नाही. उपाशी ठेवतात? — नाही. पितो? — नाही. सासू टोचून बोलते? — नाही. दुसरं काही आहे का त्याचं? — नाही. मग? मग काय झालं काय? सदरा मशीनखाली होता, तो मी सोडला नाही, पाय चालूच. तेव्हा ती म्हणाली, ‘आई, तिथे माझ्याशी कुणी बोलत नाही.’ — एवढंच. मी थांबले, म्हटलं, आणखी काही असेल. नव्हतं. म्हटलं, अगं, हे काय कारण झालं? मी दिवसभर कुणाशी बोलते? मशीनशी बोलते, कोंबड्यांशी बोलते, तूही बोल कुणाशी तरी. ताई, आयुष्यभर लोकांची मापं घेतली मी, त्या दिवशी पोरीच्या दुःखाचं माप घेत बसले. आणि ठरवून टाकलं की आखूड आहे. सहाच्या बसला बसवून दिलं तिला. एका डब्यात भुशात घालून सहा अंडी दिली, सासरच्यांना. ती खिडकीतून बघत होती आणि मी सांगत होते, डबा आडवा धरू नकोस.

नंतर सतरा नंबरची कडी आली. कळलं ना आता पाटी दोन दिवसांत कशी झाली ते? लगेच फोन केला मी तिला. म्हटलं, कशी आहेस? म्हणाली, ‘बरंय.’ म्हटलं, ये ना चार दिवस. म्हणाली, ‘बघू.’ चार वर्षं ‘बरंय’ आणि ‘बघू’. पुन्हा यायची लाज वाटली असेल, त्या गृहस्थांसारखीच. पाटी तिच्यासाठी भरली आणि वाचतंय सगळं गाव. दोनदा गेलेही मी तिच्याकडे, चहा झाला, घर लखलखीत, सगळे बसलेले, आणि खरंच हो — कुणी तिच्याशी बोलत नाही. वाईट नाही बोलत, चांगलंही नाही. ती खोलीतून गेली तर कुणी मान वर करत नाही. मी तिथे बसून माझा पेला रिकामा केला आणि परत आले. तिथे तोंड उघडायचं होतं, तर तिथे मूग गिळले.

आणि आज सकाळी निरोप. फोनवर, लिहिलेला. ‘चारच्या बसने येतेय.’ पूर्णविराम. का ते नाही, किती दिवस ते नाही. पहिली गोष्ट काय केली असेन मी? बोट ठेवून लिहायला लागले — ‘का गं, काय झालं?’ हे बघा, अजून आहे इथे लिहिलेलं, पाठवलं नाही. खोडलं पण नाही. मग कोंबडे हलवले, खोली धुतली, आणि दुपारी तुम्ही पिशवी घेऊन दारात. खरं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, चला, हिच्यावर सराव होईल. बघू जमतं का, माणूस पिशवी घेऊन दारात आलंय आणि आपण कारण विचारायचं नाही. पाखरांच्या लोकांना नाही विचारत मी, पण ते परके. पोटच्या पोरीला न विचारणं म्हणजे — जिभेला काय करू? एकदा घसरलीच ना मघाशी, पहाटे किती वाजता म्हणून. तिला नुसतं ‘का’ म्हटलं ना मी, नुसतं भुवई वर करून बघितलं तरी ती पिशवी उचलेल. मला माहितीय. तिसऱ्यांदा येणार नाही ती. आणि कोंबडीवाला काही माझ्या दारात कडी घेऊन येणार नाही या वेळी.

पण न विचारता बोलायचं काय, ते सांगा. गप्प बसले तर तेही चालणार नाही — गप्प बसणाऱ्या घरातूनच येतेय ती. — हो, तुमच्याशी बोलतेय खरी. तासभर झाला? तासभर मी काय बोलले? कोंबडे, झुबका, वही, अस्तर. असं चालेल म्हणता? असलंच काहीतरी? तिला कंटाळा नाही यायचा? — तुम्हाला नाही आला. तुम्ही मुरवतीची माणसं, तुमचं काय सांगता. आणि वास? वासाचं काय करू? म्हणेल, माझ्या खोलीत कोंबडे ठेवलेस. म्हणू दे. म्हणालीच तर बरं, निदान काही म्हणेल. ‘बरंय’ तरी म्हणणार नाही.

— थांबा. फाटक वाजलं. वाजलं ना? नाही, उठू नका. म्हणजे — उठा. नको, बसा जरा. किती वाजले? चारला पाच कमी, बघा, आजच लवकर यायची होती हिला. हा घ्या तुमचा राणी, एक मिनिट धरा, माझे हात ओले आहेत. माझ्या तोंडाकडे बघा — मी काही विचारणार आहे असं वाटतंय का? भुवया? भुवया ठीक आहेत?

आलीस? ये. चपला असू देत, आज सगळं ओलंच आहे. — अगं, केवढी पिशवी. या वेळी मोठी आणलीस. बरं केलंस. ठेव, तिथेच ठेव, भिंतीकडेला, त्या रिकाम्या पिशवीशेजारी. — नाही गं. नको. कारण नको सांगूस. खरंच नको. — हे? हे कोंबडे. आजच इकडे आणलेत. आणि यांच्या मांडीवर आहे तो राणी. हो, कोंबडाच. ती एक मोठी गंमत आहे, माझ्याच कात्रीने झाली, सांगते तुला सगळी पहिल्यापासून — बस आधी. तिथे नको, तिथे मुका — नाही, बस. तिथेच बस. ऊठ रे मुकादम. ऊठ म्हणते ना. बसू दे दिवसभर पाठ करून.

आणि ताई, तुम्ही निघा आता. राणीला द्या इकडे, ती रिकामी पिशवी घ्या. फाटक नुसतं लोटा. मला हिच्याशी बोलायचंय.